पेडगाव : स्थळ, काळ आणि वेड

अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या उत्तर काठावर वसलेल्या पेडगावला महाराष्ट्रातील बहुतेक माणसे पाऊल न टाकताही वरचेवर जाऊन येतात. कारण ठाऊक असूनही ठाऊक नसल्याचा आव आणणे यालाच वेड पांघरून पेडगावला जाणे म्हणतात, आणि या प्रवासाला तिकीट लागत नाही की रजा. प्रत्यक्ष जाणाऱ्याला मात्र दोन्ही लागतात, शिवाय टोपी आणि पाण्याची बाटलीही, कारण हा पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने पाऊस स्वतःकडे ठेवून नुसते ढग पुढे धाडलेला मुलूख आहे.

गावाचे मुख्य स्थळ बहादूरगड. 'गड' या शब्दावर विसंबून चढणीच्या तयारीने आलेल्या प्रवाशाची निराशा होते, कारण हा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर तट घालून केलेला किल्ला असल्याने घामाचे खापर चढावर फोडता येत नाही. 'बहादूर' हा शब्दही जपूनच घ्यावा लागतो. दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान हा औरंगजेबाचा कोकलताश, म्हणजे दूधभाऊ. त्याने येथे आपली छावणी थाटली आणि गडाला स्वतःचेच नाव दिले, जे काम शहाणी माणसे पुढच्या पिढीवर सोपवतात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला (६ जून १६७४) दीड महिनाही उलटला नसेल, तोच सुमारे दोन हजार मराठा स्वार छावणीच्या रोखाने आले, खान फौजेसह त्यांच्यावर तुटून पडला, ते पळाले, आणि आपण जिंकत आहोत अशा समजुतीने खान जवळजवळ पन्नास मैल त्यांच्यामागे धावत राहिला. तेवढ्यात सात हजारांची दुसरी फौज मोकळ्या छावणीत शिरली व एक कोटी रुपयांचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे घेऊन, तंबूंना आग लावून निघून गेली. हे आकडे त्या काळच्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारातले, आणि दुसऱ्याचे किती गेले हे व्यापारी सहसा काळजीपूर्वक मोजतात. लोक म्हणीचा उगम याच प्रसंगात पाहतात. तसे असेल तर वेड पांघरले मराठ्यांनी, पण ते मुक्कामाला राहिले खानाकडे. खानाच्या पदव्यांत 'जफरजंग', म्हणजे युद्धात विजयी, हीही एक आहे.

पंधरा वर्षांनी बादशहाने स्वतः याच गावी विनोद करून पाहिला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना येथे आणून, विदूषकाचा वेष चढवून, उंटावरून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यावर कोणी हसल्याचे महाराष्ट्राच्या स्मरणात नाही. पुढे गडाला धर्मवीरगड हे नाव मिळाले ते त्यांच्यामुळे, आणि खानाचे नाव आता खुलाशापुरते उरले आहे.

तटाच्या आत खानापेक्षा कितीतरी जुनी, यादवकालीन मंदिरे आहेत. त्यांतले लक्ष्मीनारायणाचे मंदिर बाहेरून इतके कोरलेले आहे की देवदर्शनाला निघालेला प्रवासी भिंतीपाशीच अडकतो. उरलेल्या आवाराचा कबजा वर्षानुवर्षे वेड्या बाभळीकडे होता. अमेरिकेतून आलेले हे काटेरी झाड एकदा रुजले की खानाच्या फौजेसारखे कशाच्याही मागे धावत न जाता जागीच पाय रोवते, म्हणून ते हटवणे अधिक अवघड. नदीच्या अंगाला हत्ती मोटेचे बांधकाम दाखवतात. मोट म्हणजे विहिरीतून किंवा नदीतून पाणी ओढून काढण्याची चामड्याची थोरली पखाल. ती सर्वत्र बैल ओढत, येथे हत्ती ओढत असे आणि वर चढवलेले पाणी नळांतून गडात खेळवले जाई. भीमाकाठच्या उसाला आता विजेची मोटर पाणी देते. हत्तीला खायला फार लागे हे खरे, पण तो दिवसा कामावर येई. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते.