घरबसल्या स्कॉट्स शिका

पात्रता: थोडं इंग्रजी. पुष्कळ येत असेल तर अडचण जास्त.

धडा १. हवामान. दिवसभर करडं आभाळ, रिपरिप आणि गारठा असला की म्हणा 'ड्रीख'. शेवटचा ख घसा खरवडून काढा. स्कॉटलंडमध्ये या शब्दाचा सराव रोज होतो.

धडा २. ॲबर्डीन. 'फिट लाइक?' असं विचारलं तर जोर-बैठका काढून दाखवू नका. फक्त 'कसं काय?' म्हणतायत. इथल्या डोरिक बोलीत 'व्हॉट'चं 'फिट' आणि 'व्हेअर'चं 'फार' होतं. मुलगा म्हणजे 'लून', मुलगी म्हणजे 'क्वाइन'. 'ने बॅड' म्हणा आणि पुढे चला.

धडा ३. डंडी. इथे खायच्या 'पाय'चा 'पे' होतो. बेकरीत बोट दाखवावं, बोलू नये.

धडा ४. ग्लासगो. धडा अवघड आहे, बसून वाचा. 'तुझं बूड खिडकीबाहेर आहे' असं कोणी म्हटलं तर मागे वळून पाहू नका. तुम्ही बाता मारताय, एवढाच अर्थ. 'तुझं जेवण वाढलंय' ऐकून हात धुवायला धावू नका. मार मिळणार आहे. 'अय, राइट' म्हणजे दोन होकार मिळून एक ठाम नकार. 'मेसेजेस आणायला जाते' म्हणणाऱ्या बाईला फोन नव्हे, पिशवी द्या. ती वाणसामान आणायला निघाली आहे.

धडा ५. एडिंबरा. इथे मराठी विद्यार्थ्याला फुकटचे गुण. 'चोर' म्हणजे चोरणं. भारतातून शतकांपूर्वी निघालेल्या रोमा लोकांच्या भाषेतून तो शब्द इथवर पोचला. ऐकताच खिसा चाचपावा.

धडा ६. आशीर्वाद. 'लांग मे युअर लम रीक': तुमच्या धुराड्यातून सदैव धूर निघो! म्हणजे घरात कोळसा कधी कमी न पडो. नववर्षाला हे ऐकून अग्निशमन दलाला फोन करणारा विद्यार्थी नापास.

शेवटची सूचना. ही मोडकी इंग्रजी आहे, असं चारचौघांत म्हणू नका. 2022 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं आणि 2025 च्या कायद्याने तिला अधिकृत दर्जा दिला. तेव्हा सुरुवातीला नुसतं ऐका. तरी तोंड उघडलंच आणि कोणी 'हॉड युअर व्हीश्ट' म्हणालं, तर अर्थ विचारू नका, गप्प बसा. तोच अर्थ आहे.