गोणीमागे सव्वा रुपया

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपन्याकडे 17 सप्टेंबरला दोन कार्यक्रम असतात. एक सरकारी. 1948 साली याच दिवशी निजामाचं राज्य संपलं, म्हणून झेंडावंदन, अभिवादन, चार भाषणं. दुसरा कंपनीचा, विश्वकर्मा पूजा. पहिल्याला पदाधिकारी आणि शाळेतून रांगेने आणलेली पोरं. दुसऱ्याला अख्खं गाव. लोकांना इतिहासाचं वावडं आहे असं कोणी समजू नये. मुक्तिदिनाला बुंदी नसते, एवढंच.

शिवाय त्या दिवशी बायकापोरांना सिमेंट कारखान्याच्या गेटच्या आत सोडतात. एरवी ज्या भिंतीला लागून संसार चाललाय, तिच्यापलीकडे काय आहे हे बायकांना त्या दिवशी कळतं. नवरा हेल्मेट घालून पुढे, बायको नवी साडी सावरत मागे. तो हात करून दाखवतो: ही किल्न, इथं चौदाशे-साडेचौदाशे डिग्रीला दगड भाजतात, हा क्लिंकर, ही पॅकिंग मशीन. बायको विचारते, ‘‘तुमी कोठं बसता?’’ लोडिंगवाला माणूस या प्रश्नावर जरा घुटमळतो. मग बुंदीच्या रांगेत कोणीतरी मागून ढकलतं आणि तो सुटतो.

त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र बायको त्या दिवशी नीट वाचते. त्यावर कंपनीचं नाव नसतं, ठेकेदाराचं असतं. अठरा वर्षं ‘कंपनीत’ असलेला माणूस कागदोपत्री कंपनीत नाहीच. ठेकेदार बदलला की कार्ड बदलतं आणि माणूस पुन्हा नवा होतो. एवढं तारुण्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही.

तशी पाट्या बदलण्याची या मुलखाला सवय आहे. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. कंपन्यांनी तीच रीत पुढे चालवली. आवारपूरचा एल अँड टीचा कारखाना 2004 मध्ये अल्ट्राटेक झाला. गडचांदूरचं माणिकगड सेंच्युरीकडे होतं, 2019 मध्ये तेही अल्ट्राटेकमध्ये गेलं. उपरवाहीचं अंबुजा आणि घुग्घुसचं एसीसी होल्सिमच्या हातातून 2022 मध्ये अदानींकडे. नारंड्याचं मुरली दिवाळखोरीच्या कोर्टातून फिरून 2020 मध्ये दालमियांकडे. प्रत्येक सौद्याच्या दिवशी मुंबईत शेअर हलतो. गावात फक्त रंगारी हलतो. बसथांबा, शाळेची भिंत, पाण्याची टाकी, सगळ्यांवरची जुनी अक्षरं खरवडून नवी काढायची असतात. रंगाऱ्याला खरेदी-विक्रीची खबर वित्तीय दैनिकाच्या आधी असते, असं त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

आता बसथांब्याबद्दल. थांब्याची सावली चार माणसांना पुरते, पाटी मात्र पलीकडच्या फाट्यावरून वाचता येते. सिमेंटच्या बाकांचंही तसंच. पाठ टेकायच्या जागी देणाऱ्याचं नाव. माणूस बसला की नाव झाकतं, म्हणून हल्ली ते मागच्या बाजूलाही घालतात. स्मशानभूमीतल्या बाकावरही आहे. ज्याला निरोप द्यायला आलो त्याचं नाव कुठेच नाही, पण बाक कोणी दिला हे रडता रडता कळतं.

ही सगळी देणगी आहे असा गावाचा समज करून दिलेला आहे. कंपनी कायद्याने 2014 पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावीच लागते. खर्चावीच. तरी आरओ मशीनची फीत कापायला साहेब आले की सरपंच शाल-श्रीफळ घेऊन उभा. कायद्याने भरायचा पैसा भरल्याबद्दल जाहीर सत्कार होणारी ही एकच जमात. मी घरपट्टी भरायला जातो तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई साधं पाणीही विचारत नाही.

या दातृत्वाचा हिशेब एकदा गोणीवर मांडून पाहू. पन्नास किलोच्या गोणीत राखमिश्रित सिमेंट असेल (राख चंद्रपूरच्या वीजकेंद्राची, तीही आमचीच) तर अंदाजे तेवढाच, पन्नास किलो चुनखडक लागतो. चुनखडकावरची रॉयल्टी 2014 मध्ये टनाला 80 रुपये ठरली. म्हणजे गोणीमागे चार रुपये, आणि तेही राज्याला. 2015 पासून खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के रक्कम वर भरायची. चाराचे तीस टक्के म्हणजे जवळपास सव्वा रुपया. गावाखालचा दगड गेला, वावर गेलं, विहिरीचं पाणी खाली गेलं, त्याचा गोणीमागे सव्वा रुपया. तोही जिल्ह्याच्या पेटीत. पेटीतून गावापर्यंत यायला त्याला बस मिळते की नाही, ते ज्याचं त्याचं नशीब. त्याच गोणीवर जीएसटी परवापरवापर्यंत 28 टक्के होता, पानमसाल्याच्या पंगतीत. सप्टेंबर 2025 मध्ये तो 18 वर आला. साडेतीनशेच्या गोणीवर आजही पन्नासाच्या वर रुपये होतात. सरकारला पन्नास, आम्हाला सव्वा, आणि सत्कार कंपनीचा.

बरं, गोणी तरी दारात मिळावी? रात्रभर घरावरून कन्व्हेअर खडखडतो, ट्रकांची रांग अंगणापर्यंत येते, पण संडासाच्या फरशीला दोन गोण्या हव्या असतील तर गेटवर कोणी देत नाही. गडचांदूरच्या डीलरकडे जा, गाडीभाडं वेगळं. फुकट घरपोच मिळते ती फक्त धूळ.

धुळीबद्दल मात्र मी कंपनीची बाजू घेईन. एका गेटवर हवेतल्या धुळीचा आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक फलक आहे. आकडा कायम मर्यादेत असतो. शेजारचा पानटपरीवाला रोज सकाळी फडक्याने फलक पुसतो, नाहीतर आकडा दिसत नाही. बाजूच्या वावरात दहिवर पडल्यावर पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवून पाहा. पान खरखरीत लागतं, आणि उन्हं वर आली की धूळ पानावरच घट्ट धरते. जगात प्रयोगशाळेत सिमेंट पाण्यात कालवून, ठोकळे करून ताकद तपासतात. इथे तपासणी पऱ्हाटीवर होते आणि माल दर वेळी पास होतो. व्यापारी बोंड हातात घेतो, ‘‘रंग नाही जी’’ म्हणतो आणि भाव पाडतो.

हे सगळं बोलून दाखवायची सोय कायद्यात आहे. तिला लोकसुनावणी म्हणतात. खाण किंवा कारखाना वाढवायचा असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे तीस दिवस आधी जाहिरात द्यायची, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा माणूस बसवायचा आणि लोकांचं ऐकायचं. अधिसूचनेत एक सुंदर वाक्य आहे: या सभेला गणपूर्तीची गरज नाही. म्हणजे लोक नसले तरी लोकसुनावणी होऊ शकते. तसे लोक असतातच म्हणा. पहिल्या तीन रांगांत ठेकेदार, ट्रकमालक, युवक मंडळाचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष आणि होऊ घातलेले अध्यक्ष. माइक आधी त्यांच्याकडे जातो. ‘कंपनी आमची माय आहे’ इथपासून सुरुवात होते. शेतकऱ्याचा नंबर लागेपर्यंत मागे समोशाची खोकी उघडलेली असतात, आणि त्याचं ‘विहीर आटली साहेब’ हे वाक्य कागदी प्लेटांच्या आवाजात इतिवृत्तात जातं. मतदान नसतं. हरकत नोंदवली, विषय पुढे.

नोकरीची मागणी सुनावणीत हमखास निघते. उत्तरही ठरलेलं: आमच्याकडे ऐंशी टक्के स्थानिक आहेत. सरकारी व्याख्येत ज्याचं महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य, तो स्थानिक. त्या हिशेबाने भिंतीला टेकून झोपणारा आवारपूरचा पोरगा आणि मुलुंडचा पदवीधर सारखेच स्थानिक. फरक इतकाच, की मुलुंडवाल्याला ब्लास्टिंगने तडा गेलेलं घर सोबत आणावं लागत नाही. जिवतीच्या डोंगरातला कोलाम आदिवासी तर या आकड्यात कुठे बसतो, हे विचारायला माइक त्याच्यापर्यंत पोचायला हवा.

पण कंपनीवाचून चालत नाही हेही खरं. लग्नाच्या बाजारात शेतकरी पोराला कोणी उभं करत नाही, ‘कंपनीत आहे’ म्हटलं की चहा येतो. परवा अशाच एका बैठकीला मी मध्यस्थ म्हणून बसलो होतो. मुलीचे वडील व्यवहारी. विचारलं, ‘‘कोणत्या कंपनीत हाय बापू?’’ पोराने आधी लोक म्हणतात ते जुनं नाव सांगितलं. मग, खोटं नको म्हणून, आताच्या मालकाचं. मग कार्ड काढून ठेकेदाराचं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘भाऊ, पोरगा तीन ठिकाणी नोकरी करते, तं पगार तीन हायेत का?’’