शेझवानचा लाल कुठून येतो?

स्टेशनबाहेरच्या चायनीजच्या गाडीवर हल्ली एक पाटी हमखास दिसते: ‘आम्ही अजिनोमोटो वापरत नाही.’ ती वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि हाफ शेझवान नूडल्सची ऑर्डर देतं. त्याच पाटीखाली, मीठ आणि मिरपुडीच्या शेजारी, एक छोटी प्लास्टिकची डबी असते. आचारी तिच्यात चमच्याचं टोक बुडवतो, कढईत झटकतो, आणि पांढरे नूडल्स डोळ्यांदेखत केशरी होतात. त्या डबीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. या आठवड्यात मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

चायनीजच्या गाडीला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो. मुंबई-ठाण्यात रात्री साडेनऊला लोकलमधून उतरलेल्या माणसाला समोर शिजलेलं, वाफाळतं, पोट भरणारं जेवण परवडेल अशा पैशात देणाऱ्या जागा किती उरल्या आहेत? घरपोच पार्सल पोचवणारी मुलं, क्लास सुटलेले विद्यार्थी, दुकानांतून दिवसभर उभ्या राहिलेल्या मुली, या सगळ्यांचं रात्रीचं जेवण या गाडीवर होतं. ‘हे काही खरं चायनीज नव्हे’ असं म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही. कोलकात्याच्या चिनी वस्तीत वाढलेले नेल्सन वाँग मुंबईत आले आणि १९७५ च्या सुमारास आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून त्यांनी चिकन मंचुरियन केलं, अशी हकीकत ते स्वतःच सांगत. म्हणजे हा पदार्थ जन्मानेच इथला आहे. त्याला चीनचा दाखला कशाला हवा?

आणि कारागिरी बघायची असेल तर गाडीजवळ दोन मिनिटं उभं राहा. उकडून, तेलाचा हात लावून ठेवलेल्या नूडल्सचा ढीग परातीत असतो. बाजूला उभी चिरलेली कोबी, सिमला मिरची, गाजर, कांद्याची पात. भट्टीचा आवाज एवढा की ऑर्डर ओरडून द्यावी लागते. तापून धूर निघालेल्या कढईत तेल, लसूण, मग भाज्या. भाज्या करकरीत असतानाच नूडल्स. मनगटाच्या एका झटक्यात सगळा ऐवज हवेत जाऊन परत कढईत पडतो, कडेने जाळ आत शिरतो आणि तो किंचित करपट, धुरकट वास येतो. घरच्या गॅसवर तो वास येत नाही, कारण एवढी आच घरी नसते. दोन मिनिटांत प्लेट हातात. एवढं येणाऱ्या माणसाला त्या डबीची गरज काय?

आता पाटीवरच्या अजिनोमोटोकडे वळू. १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं केलं. अजिनोमोटो हा त्याचाच क्षार. हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, सोया सॉसमध्येही भरपूर असतं. बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की चायनीज खाल्ल्यावर मानेत बधिरपणा येतो. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल, मीठ असेल की हा क्षार, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लोकांनी मात्र दोष एकट्या अजिनोमोटोच्या माथी मारला. पुढे, कशात काय आहे हे खाणाऱ्याला न सांगता चाचण्या झाल्या. त्यांत तो त्रास खात्रीने पुन्हा दाखवता आला नाही. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन त्याला सामान्यतः सुरक्षित पदार्थांत धरतं. मीठ अति खाऊ नये, तसंच हेही अति खाऊ नये. गोष्ट तेवढीच आहे. ‘अजिनोमोटो नाही’ ही पाटी लावून सोया सॉसची बाटली उपडी करण्यात काय अर्थ आहे?

डबीचं प्रकरण मात्र गंभीर आहे. तिच्यात बहुधा टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझिन असे कृत्रिम रंग असतात. आपल्या कायद्याने कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांतच चालतात, आणि तिथेही बहुतेकांना किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हॉटेलात किंवा गाडीवर शिजवलेले नूडल्स आणि मंचुरियन त्या यादीत नाहीत. आणि चमच्याच्या टोकाने मिलिग्रॅम कोण मोजणार? युरोपात या तिन्हींपैकी कुठलाही रंग असलेल्या खाद्यपदार्थाच्या पाकिटावर २०१० पासून इशारा छापावा लागतो: मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे सुट्टीच्या संध्याकाळी सगळ्यात लाल प्लेट मुलांसमोरच ठेवली जाते.

शेजारच्या कर्नाटकात गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये असे रंग सापडले. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. तुरुंगवासाचा आणि दहा लाखांपर्यंत दंडाचा इशाराही दिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा पालिकेने गोबी मंचुरियनच्या ठेल्यांवरच बंदी घातली, आणि त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या उत्सवातही या ठेल्यांना आवर घालण्याचे आदेश निघाले होते. गोव्याचा उपाय मला पटत नाही. दोष रंगाचा असताना शिक्षा फ्लॉवरला का? ठेला उठवला की एका कुटुंबाची चूल विझते आणि रंगाची डबी पुढच्या जत्रेला निघून जाते. कर्नाटकाने बोट बरोबर जागी ठेवलं.

डबी येते कुठून, तर सरळ हिशेबातून. थोडासा रंग अगदी कमी पैशांत बऱ्याच प्लेटा रंगवतो. चांगली मिरची महाग आहे. शिवाय गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं. आमच्या भागातल्या एका गाडीवाल्याने मला सांगितलं, ‘साहेब, रंग बंद करून बघितला. लोक म्हणाले, आज सॉस कमी टाकलाय का? एकाने तर प्लेट परत दिली.’ तोच मसाला, तेवढंच तिखट, पण लाल नाही म्हणून प्लेट परत! हा दोष गाडीवाल्याचा कमी आणि आपला जास्त आहे.

आणि आपल्याला लाल रंग हवाच असेल तर तो आपल्या दाराशी पिकतो. हावेरी जिल्ह्यातली बेडगी मिरची जगभर ओळखली जाते ती तिखटासाठी नव्हे, रंगासाठी. तिचा अर्क खाद्यपदार्थांना नैसर्गिक रंग द्यायला वापरतात. बिया काढलेली बेडगी गरम पाण्यात भिजवायची, लसूण आणि थोडं आलं घालून वाटायची, भरपूर तेलात कडेला तवंग सुटेपर्यंत परतायची, शेवटी व्हिनेगर आणि किंचित साखर. हा सॉस गर्द विटकरी होतो. ट्रॅफिकच्या दिव्याइतका लाल होत नाही, आणि होऊही नये. ‘शेझवान’ हे नाव ज्यावरून आलं त्या चीनच्या सिचुआन प्रांतातल्या खाणावळीतही लाल रंग मिरचीच्या तेलातून आणि मुरवलेल्या मिरचीतून येतो.

घरी आपण लोणच्यात, रश्शात, कटात हाच रंग ओळखतो आणि मानतो. गाडीवर गेल्यावरच आपली नजर का बदलते?

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने गाड्यांवर धाडी घालण्याआधी सुटे रंग विकणाऱ्या घाऊक बाजारात जावं, तिथे हा माल किलोने मिळतो. गाडीवाल्यांना बोलावून काय चालतं आणि काय नाही, हे मराठीत आणि हिंदीत लिहून द्यावं. त्यातल्या अनेकांना हा रंग बेकायदा आहे हेच माहीत नाही. त्यांच्या लेखी तो मिठासारखाच किराणा दुकानातून आणायचा जिन्नस आहे.

तुम्ही मात्र सरकारची वाट बघत बसू नका. आज रात्री गाडीवर गेलात की ऑर्डर देतानाच सांगा: दादा, रंग टाकू नका. प्लेट फिकी आली तर परत करू नका, पूर्ण खा आणि पुढच्या वेळी त्याच गाडीवर जा.