अक्कांची डबल चिमट्याची सायकल

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या अक्कांच्या ढाळजेतली ती सायकल... हो हो, तीच हिरव्या ऑइलपेंटची, जिच्यावर कबुतरं बसायची. तिला म्हणे आठ हजाराचं गिऱ्हाईक आलं! आणि अक्का चक्क नाही म्हणल्या. थोरल्या सुनेचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. हातात चहाचा ट्रे, आणि कपबशा नुसत्या वाजतायत.

झालं काय, थोरलीनं दसरा काढला. गोधड्या धुतल्या, डबे घासले, मग वळली ढाळजेकडं. भंगारवाल्याला हाक मारून मोकळी. त्यानं सायकल उचलून बघितली, म्हणाला, वीस किलो भरेल, पाचशे देतो. थोरलीनं लगेच हो म्हणलं. पाचशेत ती काय काय घेणार होती, ते मला माहीत आहे, पण जाऊ द्या...

तर काय सांगत होते, तेवढ्यात आला अक्कांचा नातू. मुलीचा हो, पुण्याला इंजिनिअरिंगला असतो तो. दसऱ्याचं प्रदर्शन बघायला आलेला. त्यानं पुढचं चाक बघितलं आणि ओरडलाच, "मामी, थांबा! हिला चार पाय आहेत!" आता सायकलला कुठले चार पाय? पण खरंच आहेत बरं का. मी स्वतः वाकून बघितलं. आपल्या सायकलींच्या चिमट्याला एका बाजूला एकच नळी असते, हिला दोन-दोन. आपण इतकी वर्षं "डबल चिमट्याची" म्हणत आलो, पण का डबल, हे कधी कुणी विचारलं?

मग त्यानं पायडलचं मोठं दात्याचं चक्र रॉकेलच्या चिंधीनं पुसलं. काळं काळं वंगण निघालं आणि आत काय, तर छोटी छोटी माणसं! फेर धरल्यासारखी, पळतायत. हंबर म्हणे कंपनीचं नाव. विलायतेतला थॉमस हंबर म्हणून कुणी, दीडशे वर्षांपूर्वी नॉटिंगहॅमला सायकली बनवायचा. पुढं 1932 साली रॅलेवाल्यांनी सायकलींचा तो धंदा विकत घेतला, पण दोन नळ्यांचा चिमटा आणि ती माणसं नंतरही ठेवली. मला तर हे सगळं भारीच वाटलं बाई. म्हणजे सायकलवर नाव वाचायचंच नाही, चक्र बघायचं. तीन बंदुका दिसल्या की बीएसए, कारण ती मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. बगळा दिसला की रॅले. आणि हाताचा पंजा दिसला की रज. मी म्हणलं, म्हणजे पक्षाची सायकल की काय! थोरला हसला, थोरली नाही हसली.

थोरल्याला मात्र पटेना. तो म्हणाला, "आरं, हिच्यावर तर हर्क्युलिसचं स्टिकर आहे." अहो, ते स्टिकर त्यानंच नववीत असताना चिकटवलेलं! साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

मग बोलावलं सायकलवाल्या चाचांना. त्यांनी लांबूनच बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काकी, येच वो गाडी! इसका कप मेरे अब्बा को बी नई मिला, मेरे को बी नई मिला." हँडलच्या खालचा आणि पायडलच्या एक्सलचा कप बाजारातला बसतच नव्हता म्हणे हिला कधी. नातवानं लगेच ज्ञान दिलं. बाकीच्या सायकलींना एका इंचात 24 आटे, रॅलेच्या कारखान्यातल्यांना 26. मग कसा बसणार? चाचा म्हणाले, "चालीस साल से मेरी गलती समझ रा था मैं." इतके खूश झाले की हवा भरायचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आता खरी गंमत इथून पुढं. अक्का पाटावर बसल्या आणि सुरू झाल्या. सासऱ्यांनी ही सायकल निजामाच्या हाली रुपयांत घेतली, इंग्रजी कलदारात नाही. आणि रझाकारांच्या दिवसांत याच सायकलवर ते निरोप पोचवायचे. स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक फोडली तेव्हासुद्धा, 1948 च्या जानेवारीत, हीच सायकल होती म्हणे! दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाहून आलं की आपण हे ऐकतोच. मागच्या वर्षी तर त्यात घोडाही होता. पण यंदा नातू शेजारी बसून मागच्या चाकाचा हब पुसत होता ना...

हिला तीन गिअर आहेत, ठाऊक होतं का तुम्हाला? मला नव्हतं. हँडलवर तो छोटा खटका आहे ना, पोरं ज्याला घंटी समजून ओढायची, तो गिअरचा. सगळी यंत्रं हबच्या पोटात. मधल्या गिअरला चाक फ्रीव्हीलबरोबर सरळ फिरतं, चढाला एक हलका, सपाटीला एक जड. स्टर्मी-आर्चर नाव आहे त्यावर, आणि त्या काळी हे लोक हबवर वर्ष आणि महिना ठोकायचे. पोरानं मोबाईलची बॅटरी लावली आणि मोठ्यांदा वाचलं, "बावन्न, तीन."

मार्च 1952.

अहो, ढाळजेत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. उमरी अठ्ठेचाळीसची, पोलिस अ‍ॅक्शन अठ्ठेचाळीसची, आणि हब बावन्नचा! थोरली पदराआड हसतेय, मला दिसलं. अक्कांचा चेहरा असा उतरला, की माझ्या पोटात कालवलं. मी आपली मध्ये पडले. म्हणलं, हाली सिक्का काही लगेच बंद झाला नव्हता, पुढं काही वर्षं चालूच होता. म्हणजे ते तरी खरं असू शकतं! नातू पण चांगला हो. म्हणाला, आजी, हब म्हणजे फक्त मागच्या चाकाचं वर्ष, सायकलीचं नव्हे. चाक बदललेलं असू शकतं. अक्का झटक्यात सावरल्या. "बदललंच होतं! परभणीहून आणलं होतं यांनी." हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

बरं, किंमत. पोरानं मोबाईलवर बघितलं, कुठं कुणी अशाच सायकलीचे लाख रुपये मागतोय. लाख! थोरल्याचे डोळे फिरले. पण मागितलेली किंमत आणि कुणी मोजलेली किंमत, यात केवढं अंतर. मी हळद बाजारात बघतेच की, वसमतला जाऊन प्रत्येक जण पंधरा दिवस आधीच श्रीमंत झालेला असतो. नांदेडहून जुन्या वस्तूंवाले आले, त्यांनी तासभर सायकल चाचपली आणि आठ हजार म्हणाले. का कमी, तेही सांगितलं. चेनकव्हर नाही. मूळच्या सळईच्या ब्रेकची एक बाजू वायरची केलेली. काळ्या रंगावर सोनेरी अक्षरं होती, ती थोरल्यानं लग्नाच्या वर्षी पॉलिश पेपरनं घासून काढली आणि वर हिरवा ऑइलपेंट मारला. त्या अक्षरांवरूनच कळलं असतं की माल नॉटिंगहॅमचा की आसनसोलचा. तिथं सेन-रॅलेच्या कारखान्यातही हंबर व्हायच्या म्हणे. अहो, जे जे त्यानं हौसेनं केलं, ते ते किमतीतून वजा. गंजलेली चालली असती, म्हणाले ते, रंगवलेली नको होती. थोरला ऐकतोय आणि मान खाली.

आणि सीट! मूळची ब्रुक्सची कातडी सीट, स्प्रिंगांची. कुरकुरते म्हणून थोरल्यानं काढून सालगड्याला दिली होती, तिच्या जागी फोमची बसवली. आता धावला औंढ्याकडं त्याच्या गावी. सीट होती, त्याच्या पोराच्या सायकलवर, अगदी ठणठणीत. पण सालगड्याची बायको हुशार. म्हणली, "दादा, दिवाळीला तुम्हीच दिली होती ना? आता किती देता?" हजार मोजून आणली, बघा. घरी सांगताना पाचशे सांगितले, पण चाचांना खरं सांगितलं, आणि चाचांनी मला.

एवढ्यात धाकटा पुण्याहून फोनवर. "वडिलोपार्जित आहे, माझा पण हिस्सा." दहा वर्षांत ज्याला ढाळज आठवली नाही तो! थोरली फणकारली, "घ्या की, पुढचं चाक चिमट्यासकट तुमचं, मागचं आमचं." मला वाटलं, संपलं. पण धाकटी काय साधी आहे? पलीकडून तिचा आवाज आला, स्पीकरवर होता ना फोन, "आम्हाला मागचंच पाहिजे. हब असतो तो."