मांजरा आटली

आमच्या लेकीनं लास वेगासला मांजर पाळली आणि तिचं नाव ठेवलं मांजरा. लातूरकराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मांजरा ही आमची नदी. धनेगावचं मांजरा धरण भरलं तर लातूरच्या नळाला पाणी, नाहीतर टँकर. "एका कान्याचाच तर फरक आहे बाबा," असं लेकीचं म्हणणं.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. धरणाची टक्केवारी मोजण्यात हयात गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मोजायलाही काही उरलं नव्हतं. पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, सगळं मिळून सुमारे ५ लाख लिटर. तेव्हापासून मला एक खोड जडली आहे. नळ ठिबकताना ऐकू आला की मी झोपेतसुद्धा उठून तो बंद करतो. हिच्या मते लग्नात सात फेरे मी नळाभोवतीच घेतले असावेत.

अशा माणसाला लेकीनं मे महिन्यात लास वेगासला नेलं. वर्षाचा पाऊस चार इंच. आमच्याकडे एखादी रात्र मनावर घेते तेव्हा एवढा पडतो. पहिल्याच संध्याकाळी जावयांनी बेलाजिओ हॉटेलसमोरचं कारंजं दाखवलं. १९९८ पासून ते गाण्याच्या तालावर नाचतंय. लोक टाळ्या वाजवत होते, मी व्हॉल्व्ह शोधत होतो. "बाबा, ते पाणी हॉटेलच्या स्वतःच्या विहिरींचं आहे, नदीचं नाही," जावई म्हणाले. विहिरीवाल्या बागाईतदाराचं हेच उत्तर मी नोकरीभर ऐकत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र माहेरी गेल्यासारखं वाटलं. हूव्हर धरण, आणि त्यामागचा लेक मीड जलाशय. काठच्या डोंगरांना खालच्या अंगाला पांढरा पट्टा, बादलीत क्षाराची रेघ बसते तसा. पूर्वी पाणी कुठवर होतं ते डोंगरानं लिहून ठेवलेलं. पूर्ण भरला की हा जलाशय १२२९ फुटांवर असतो. २०२२ च्या जुलैत तो १०४० फुटांपर्यंत उतरला आणि तळातून बुडालेल्या होड्या वर आल्या. एका पिंपात तर प्रेत निघालं. आपल्याकडे धरण आटलं की जुनं देऊळ वर येतं. ज्या गावाचं जे दैवत. पाणी ८९५ फुटांच्या खाली गेलं तर धरणातून पुढे सुटणारच नाही, त्याला इथे 'डेड पूल' म्हणतात. मी जावयांना म्हटलं, "म्हणजे आपला मृतसाठा!" परदेशात नात्यातलं कुणी भेटावं तसा आनंद झाला.

मांजरा मात्र भांड्यातल्या पाण्याला तोंड लावत नसे. बेसिनचा नळ बारीक सोडून ठेवायचा, बाईसाहेब वर चढून, मान वाकडी करून, जिभेनं ती धार तोडत पिणार. पुष्कळदा धार एकटीच वाहत असे. लेक कामावर गेली की मी हळूच नळ बंद करायचो. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की पुन्हा सोडायचो. असं १५ दिवस आवर्तन चाललं.

मग मांजरा मलूल झाली. खाणं सोडलं, कोपऱ्यात बसून राहिली. दवाखान्यात न्यायचं ठरलं. मांजरीच्या गळ्यात घंटा बांधणं एकवेळ सोपं, तिला प्लास्टिकच्या पेटीत घालून दाखवा. आजारी प्राण्याच्या अंगात एवढं बळ येतं कुठून? आम्ही तिघं पाऊण तास पलंगाखाली होतो. अखेर हिनं टॉवेल टाकून तिला अळूवडीसारखं गुंडाळलं आणि पेटी उभी करून शेपटीकडून आत सोडलं. मांजर आडवं गेलं की काम होत नाही म्हणतात. आमचं कामच पेटीत आडवं झोपून शिव्या देत होतं.

दवाखान्यात मोठ्यानं पुकारा झाला, "मांजरा कुलकर्णी!" मी उठून उभाच राहिलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. हिरड्यांवर बोट फिरवलं, कोरड्या. रक्ताचा रिपोर्ट बरा आला. मग त्या जे म्हणाल्या त्याचं भाषांतर लेकीनं हिच्यासाठी मराठीत केलं: "आई, मांजरा कोरडी पडलीय."

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा ऐकलं होतं. इतकं झोंबलं नव्हतं.

मांजरं मूळची वाळवंटी रानमांजराच्या वंशातली, डॉक्टरीणबाई सांगत होत्या. त्यांची तहान मंद असते, लघवी घट्ट करून ती पाणी राखतात, म्हणूनच त्यांना पाणी प्यायला लावावं लागतं. कोरडं खाणं कमी करा. वाहतं पाणी आवडत असेल तर वाहतं ठेवा. "घरी नळ सोडता ना?" लेक म्हणाली, "हो, रोज." मी भिंतीवरचं कुत्र्याच्या दातांचं चित्र बारकाईनं पाहू लागलो. हिनं माझ्याकडे पाहिलं. कबुली द्यावी लागली. दरवाजे मीच बंद केले होते.

गाडीत जावयांनी उरलेली लाजही काढली. या शहरात बेसिनमधून, संडासातून गटारात गेलेलं पाणी शुद्ध होऊन ओढ्यानं परत लेक मीडमध्ये जातं, आणि जेवढं परत सोडलं तेवढं शहराला जादा उचलता येतं. म्हणजे माझ्या १५ दिवसांच्या बचतीनं नदीचं फारसं काही भलं झालं नव्हतं, फक्त एक मांजर वाळली. पाणी खरं जातं ते अंगणात. सिग्नलला थांबलो तर शेजारीच ते दिसलं. भर दुपारी एका इमारतीपुढच्या हिरवळीवर तुषार उडत होते, निम्मे रस्त्यावर, आणि रस्त्यावर पडलेलं पाणी बघता बघता नाहीसं होत होतं. असल्या नुसत्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी घालायचं नाही, असा कायदा २०२१ मध्येच झालाय. आणि वेगास या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कुरणं! मी काच खाली करून ओरडणार होतो, पण हिनं बाही धरली.

मांजराला डॉक्टरीणबाईंनी खांद्यांच्या मधोमध कातडीखाली दीडशे मिलिलिटर सलाईन सोडलं होतं. तिथे चांगला उंचवटा आला होता. वाळवंटात राहून शेवटी तिचा उंट झाला. पेटीतून ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मी मोर्च्यात पाहिली आहे.

येताना लेकीनं तिच्यासाठी विजेवर चालणारं छोटं कारंजं घेतलं. रात्रभर ते झुळझुळतं. मी कानात कापूस घालून झोपतो.

परवा लातूरहून धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे अजून मृगाचा पत्ता नव्हता. घरची विचारपूस झाली, तसं मी सहज म्हणालो, "बाकी सगळं ठीक. मांजरा पार आटली होती, आता भरली."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही.

"काय सांगतोस दादा! किती टक्के?"