पाकोळ्यांचे निष्कासन

घराच्या आढ्याला बिऱ्हाड थाटणारे लहान वटवाघूळ म्हणजे पाकोळी. तिचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम असते आणि अर्ध्या इंचाची फट तिला सदर दरवाजा म्हणून पुरते. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात अशा फटींना तोटा नाही. जुन्या माळवदात तुळयांच्या सांदी असतात, धूर-उजेडासाठी ठेवलेले सवणे असते. नव्या घरात पत्रा भिंतीला टेकतो तिथली फट मिस्त्रीने ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली असते. मराठवाडा याच टापूत संपतो आणि विदर्भ सुरू होतो. त्यामुळे दिवसा हिंगोली जिल्ह्यात झोपून रात्री वाशीम जिल्ह्यात जेवायला जाणे पाकोळीला अवघड नाही. गावाच्या नावातच नाका असला तरी तिला कोणी अडवत नाही.

एखादीच पाकोळी चुकून खोलीत शिरली, तर घरातली कर्ती माणसे टॉवेल घेऊन धावतात आणि आजीबाई ती केसांत अडकेल म्हणून पदर घट्ट करतात. ही भीती निराधार आहे. पाकोळी बारीक आवाज सोडते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात डासाचाही ठावठिकाणा काढते. माणसाचे डोके तर तिला लांबूनच कळते. टॉवेल चुकवणे तिला सहज जमते, घरातल्या इतरांना जमत नाही. अशा वेळी आधी पंखा बंद करावा, मग दिवा. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी ओसरीवर बसावे. पाकोळी आपली आपण जाते. खाली पडलेली असेल तर तिला उघड्या हाताने उचलू नये. चावलीच तर जखम साबणाने धुऊन दवाखाना गाठावा.

अख्खे कुटुंब छतात असेल तर मात्र घरगुती उपायांना ऊत येतो. मिरच्यांच्या धुरीने सर्वांत आधी माणसे बाहेर पडतात. डांबरगोळ्यांचा वास गोधड्यांना लागतो. थाळ्या बडवल्याने फक्त शेजारी जागे होतात.

खरा उपाय एकच आणि तो कंटाळवाणा आहे. दिवेलागणीला अंगणात उभे राहून पाकोळ्या नेमक्या कोणत्या फटीतून निघतात ते पाहावे. ही वेळ मालिकांची असल्याने पाहायला माणूस मिळणे हेच मोठे काम. फट सापडली की तिच्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्का ठोकावा; खाली दोनेक फूट मोकळा लोंबू द्यावा. बाहेर पडणारी पाकोळी जाळीखालून सरपटत निसटते, परतताना मात्र थेट फटीकडेच येते आणि जाळीला थडकते. आठवडाभराने आत कोणी उरले नाही याची खात्री करून फट सिमेंटने बुजवावी.

आत पिल्ले असताना हे करू नये. नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपालकृष्ण यांनी महाराष्ट्रातल्या लहान पाकोळ्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला होता. या जातीला वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत पिल्ले होतात, म्हणून पंचांग काढून मुहूर्त ठरवता येत नाही; बॅटरी घेऊन सांदीत डोकावावेच लागते. पिल्ले दिसली तर ती उडू लागेपर्यंत थांबावे. भाडेकरू काढण्यापेक्षा हे पुष्कळ लवकर होते.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना कावळ्या-उंदरांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती पंगतच उठली. किडे खाणारी पाकोळी त्या यादीत कधीच नव्हती.

राहिली साफसफाई. वाळलेल्या लेंड्या झाडू नयेत. त्यांच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. नाकातोंडाला फडके बांधून, पाणी शिंपडून त्या गोळा कराव्यात. खत म्हणून त्या उत्तम असतात. घर सुटलेल्या पाकोळ्या बहुधा जवळपासच दुसरी फट शोधतात. तेव्हा जाळी ठोकण्याआधी शेजाऱ्याला त्याच्या पत्र्याखालची फट बुजवायला जरूर सांगावे.