बालीतले आपले लोक

परदेश बघायची हौस मराठी माणसाला असते, पण नुसती हौस म्हणून गेलो असं चारचौघांत सांगायला त्याची जीभ रेटत नाही. एखादं देऊळ जोडलं की मात्र प्रश्न मिटतो. खर्चाला पुण्याची पावती मिळते आणि जावेलाही काही बोलता येत नाही. आमच्या साताऱ्याच्या भजनी मंडळानं ‘बाली : मंदिरे व आश्रम दर्शन’ ही सहल काढली ती याच हिशेबानं. पत्रकावर समुद्रकिनारा मोठा होता, देऊळ कोपऱ्यात होतं. मी आईच्या सोबतीला गेलो, म्हणजे बॅगा उचलायला आणि इमिग्रेशनच्या खिडकीशी इंग्रजी बोलायला.

मंडळाचे म्होरके अण्णा. निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. हयातभर शाळा तपासल्यामुळे जगात जे जे आहे ते कुणीतरी तपासायचं राहून गेलंय, अशी त्यांची पक्की समजूत. विमानातच त्यांनी आम्हाला पार्श्वभूमी सांगितली. “इंडोनेशिया म्हणजे जगात सगळ्यांत जास्त मुस्लिम लोकसंख्येचा देश. त्यात हे एवढंसं बेट, आणि तिथं दहातले आठांहून जास्त लोक हिंदू. हजार वर्षं झाली. आपल्यापैकी कुणी जाऊन बघितलंय का, नीट चाललंय का नाही?” एवढं बोलून त्यांनी खिशातून वही काढली. वहीत रकाने आखलेले होते: स्थळ, निरीक्षण, शेरा.

पहिला शेरा उबुदच्या फुटपाथवर पडला. बालीत दुकानापुढे, पायरीवर, स्कूटरच्या सीटवर, एटीएमच्या दारात, जिथं तिथं नारळाच्या पानांची तळहाताएवढी परडी ठेवलेली असते. तिला चनांग सारी म्हणतात. चार दिशांना चार रंगांची फुलं, वर उदबत्ती, कधी एखादं बिस्किट नाहीतर लिमलेटची गोळी. बायका रोज सकाळी ही परडी मांडतात, तीन बोटांत फूल धरून उदबत्तीचा धूर देवाकडे लोटतात आणि गल्ल्यावर जाऊन बसतात. आमच्या आईला देवाचं काही दिसलं की हात जोडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. साताऱ्यात हे जमतं, कारण दोन देवळांमध्ये अंतर असतं. उबुदला दर चार पावलांवर परडी. आई थांबली की मागचा अख्खा जथा थांबायचा. शेवटी आमचा वाटाड्या म्हणाला, की उदबत्ती विझली की देव घेऊन गेले, मग पाय लागला तरी चालतो. तेवढ्यात एका कुत्र्यानं परडीतलं बिस्किट उचललं. आईनं त्यालाही नमस्कार केला. अण्णांनी शेरा लिहिला : ‘श्रद्धा भरपूर. शिस्त कमी.’

वाटाड्याचं नाव वायान. ड्रायव्हरही वायान. हॉटेलच्या काउंटरवरही एक वायान. तिथं पहिलं मूल वायान, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी, बारशाला आत्यानं डोकं खाजवायचं काम नाही. “म्हणजे हजेरीपटाचं काय होत असेल?” अण्णा हळहळले.

तीर्थ एंपुलला बँकेतल्या काकांची गोष्ट घडली. हे दहाव्या शतकापासूनचं झऱ्याचं तीर्थ. कुंडात उतरून ओळीनं लावलेल्या दगडी मुखांखाली एकामागून एक डोकं धरायचं, प्रत्येक मुखापाशी वेगळी रांग. आमचे बँकेतले काका नोकरीत असताना काउंटरच्या आत होते, त्यामुळे रांगेत उभं राहायची सवय त्यांना कधी लागलीच नाही. त्यांना मधली दोन मुखं मोकळी दिसली. छातीभर पाण्यातून काका तिकडं झेपावले, डोकं लावलं आणि आमच्याकडं बघून विजयी हात हलवला. कुंडात सन्नाटा. मग वायान काठावरून धावत आला. त्या दोन मुखांचं पाणी प्रेतकार्यासाठी असतं, जिवंत माणसं ती सोडून पुढं जातात. काका लगबगीनं रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले. त्यानंतर अख्ख्या प्रवासात ते ब्रेकफास्टला सुद्धा सर्वांच्या मागं उभे असायचे, आणि पुढचा बाजूला झाला तर त्याला परत बोलवायचे.

काकांचे ग्रह तेव्हा बरे नव्हतेच. उलुवातूच्या कड्यावरच्या देवळात माकडानं त्यांचा चष्मा पळवला. ही माकडं अभ्यासू आहेत. संशोधकांनी निरीक्षण करून लिहून ठेवलंय, की कुठल्या वस्तूला माणूस जास्त मोल देतो हे तिथल्या मोठ्या माकडांना कळतं, आणि चष्मा किंवा फोन हाती लागला तर ती खाऊही जास्त उकळतात. एक फळ दिलं, माकडानं बाजूला ठेवलं. दुसरं दिलं, तेही ठेवलं. तिसऱ्यावर चष्मा खाली पडला, एक काडी वाकडी. “कर्ज फिटेपर्यंत तारण सोडत नाही,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी आणि व्यावसायिक आदर जास्त होता.

खाण्याची चिंता सगळ्यांना होती. चिवडा, मेतकूट, दशम्या असा सरंजाम बॅगांत होताच. पण पहिल्याच दुपारी गादो-गादो नावाची थाळी आली : उकडलेल्या भाज्या आणि त्यांवर दाण्याच्या कुटाचं दाट, गोडसर-तिखट कालवण. सातारा जिल्ह्याचा माणूस दाण्याचा कूट बघून विरघळतो. चटणीत सुक्या कोळंबीचा गोळा वाटलेला असतो हे मला कळलं होतं. मी वेटरला बाजूला घेऊन कोळंबी वगळायला लावली, आणि पंगतीत काही बोललो नाही.

खरा पेच मिरवणुकीनं घातला. एका गावात देवळाची जत्रा होती. पांढरे सदरे घातलेले पुरुष, लेसच्या झग्यातल्या बायका, त्यांच्या डोक्यावर फळांचे दोन-दोन फूट उंच मनोरे. आमच्या बायका हरखल्या. एवढ्यात मनोऱ्यांच्या मागून एक अख्खं डुक्कर आलं. भाजलेलं, तांबूस चकचकीत. तेही नैवेद्यालाच चाललं होतं. आमच्यात शांतता पसरली. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा पुसला, विचार केला आणि निकाल दिला, “वराहावतार.”

“भाजलेला?” आईनं विचारलं.

शेऱ्याचा रकाना त्या दिवशी कोराच राहिला.

मग आलं बेसाकी, बालीतलं सर्वांत मोठं देवस्थान. आगुंग हा तीन हजार मीटरहून उंच ज्वालामुखी, त्याच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली मंदिरं. 1963 साली हा डोंगर फुटला, हजारावर माणसं गेली, पण लाव्हा देवळाला वळसा घालून गेला. बालीतला माणूस ही गोष्ट फार आवाज न चढवता सांगतो. आपल्याकडे हिच्यावर दोन चित्रपट आले असते.

आत जायला कमरेला सारोंग आणि वरून पट्टा बांधावा लागतो. पँटवर लुंगी आणि लुंगीवर शेला, अशा थाटात अण्णा उभे राहिले तेव्हा मी फोटो काढायचा मोह आवरला. दारातल्या पाटीवर पाळी आलेल्या बायकांना प्रवेश नसल्याचं लिहिलं होतं. आमच्यातली एक सून ती वाचून म्हणाली, “मी विमानानं आले. ही पाटी कशानं आली?” सासूबाई दुसरीकडे बघू लागल्या.

आतलं अंगण फक्त पूजेला येणाऱ्या हिंदूंसाठी. दारातल्या माणसानं विचारलं, “हिंदू?” अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची तपासणी होत होती. “हिंदू! इंडिया! सातारा!” ते म्हणाले. तो माणूस हसला आणि आपल्या सोबत्याला काहीतरी म्हणाला. वायाननं सांगितलं, तो म्हणतोय, इंडियातही आहेत म्हणे आपले लोक. आम्ही त्यांची एक लांबची शाखा ठरलो.

मांडी घालून बसलो. प्रार्थनेला सुरुवात झाली आणि अंगावर काटा आला, गायत्री मंत्र! आमच्या मंडळीनं लगेच आवाज लावला. त्यांची लय संथ, आमची शिवाजीनगरची बस पकडायची. आम्ही त्यांच्याआधी संपवून विजयी मुद्रेनं थांबलो. पण त्यांच्या त्रिसंध्येत गायत्री हे फक्त पहिलं कडवं, पुढं आणखी पाच. ती कुणालाच येईनात. आम्ही नुसते ओठ हलवत राहिलो. अण्णाही. मग पुजाऱ्यानं तीर्थ शिंपडलं, तीनदा प्यायला दिलं आणि कपाळावर ओले तांदूळ चिकटवले.

आईची नजर मात्र भिरभिरत होती. “देव कुठाय?” तिनं कानात विचारलं. समोर कमळाच्या आकाराची तीन उंच दगडी आसनं. शिव, सदाशिव आणि परमशिव यांची. तिन्ही रिकामी. देव कायमचे तिथं नसतात, वायाननं समजावलं. उत्सवात बोलावलं की उतरतात, मान घेतात, परत जातात. आसन तेवढं नेहमी तयार ठेवायचं. आईनं आसनाकडं पाहिलं, त्याभोवती गुंडाळलेल्या पिवळ्या-पांढऱ्या कापडाकडं पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली. “एसटीत रुमाल टाकतात तसं,” ती म्हणाली. “जागा आपलीच. माणूस येईल मागनं.” बालीच्या धर्मावर याहून नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही.

सहलीचा शेवट आश्रमात होता. चंदीदासाच्या किनाऱ्यावर गेदोंग बागूस ओका या बाईंनी 1976 मध्ये गांधींच्या विचारानं हा आश्रम सुरू केला. पुढं 1994 साली त्यांना वर्ध्याच्या जमनालाल बजाजांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे बालीचा धागा थेट वर्ध्यापर्यंत पोचतो. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कमळांचं तळं. पहाटे प्रार्थना. “मी रोज ब्राह्ममुहूर्तालाच उठतो,” असं अण्णा आदल्या रात्री म्हणाले होते. पण बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं. तिथं पाच वाजतात तेव्हा साताऱ्यात रात्रीचे अडीच. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, “माझा ब्राह्ममुहूर्त अजून व्हायचाय.”

त्या संध्याकाळी वायाननं न्येपीबद्दल सांगितलं. बालीचं नववर्ष शकाचंच, आपल्या शालिवाहन शकाशी जुळणारं, आणि येतंही पाडव्याच्याच सुमाराला. त्या दिवशी दिवा नाही, काम नाही, करमणूक नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळ चोवीस तास बंद. हल्ली मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. आमच्याकडे त्याच सुमाराला ढोल-ताशे लागतात, हे मी त्याला सांगितलं. “देवाला बोलवायला?” त्यानं विचारलं. नाही, म्हटलं, शेजारच्या मंडळाला ऐकू जायला.

विमानतळावर निरोप घेताना वायान थोडा घुटमळला. त्याला भारतात यायचंय. काशी बघायची आहे, पुरी बघायची आहे, आणि आम्ही इतकं सांगितलं म्हणून साताराही. “तुमच्या देवळात मला आत सोडतील ना?” त्यानं विचारलं. “सारोंग मी घेऊन येईन.”

कुणी काही बोलेना. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं आपल्याकडच्या एकेका देवळाचं दार आलं असणार : नाव वायान, पासपोर्ट इंडोनेशियाचा, आणि नैवेद्याला डुक्कर. बँकेतले काका पुटपुटले, की ट्रस्टींना विचारून बघायला हवं. सून म्हणाली, “त्यांनी आपल्याला एका शब्दावर सोडलं.”

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तू ये. बिनधास्त ये. मी दारात उभा राहीन.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “फक्त खाण्यापिण्याचं कुणी विचारलं, तर तू बोलू नकोस. मी बोलतो.”